सर्व हक्क विकावेत की वापराची परवानगी द्यावी? मुखपृष्ठ आणि बोधचिन्ह करणाऱ्यांसाठी तुलना

अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकासाठी मुखपृष्ठ आणि बाणेरच्या नव्या कंपनीसाठी बोधचिन्ह, अशी दोन्ही कामे करणाऱ्या पुण्यातील स्वतंत्र चित्रकारासमोर करार येतो तेव्हा दोन वाटा असतात: एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क कायमचे द्यायचे, किंवा हक्क स्वतःकडे ठेवून ठरावीक वापराची परवानगी द्यायची. पैशांच्या दृष्टीने या दोन वाटा फार वेगळ्या आहेत. नावाच्या दृष्टीने मात्र त्या वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 57 नुसार, कॉपीराइट पूर्णपणे दुसऱ्याला दिल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याच कलमाच्या आधारे त्यांना पाच लाख रुपयांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश दिला. निकाल मोलाचा आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. नाव कोठे, किती ठळक आणि कोणत्या माध्यमात छापायचे हे कलम 57 सांगत नाही, आणि दरवेळी न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही. ते करारातच लिहून घ्यावे लागते.

हस्तांतरणाच्या बाबतीत कायदा कलाकाराला बराच आधार देतो. हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो केवळ भारत, असे कलम 19 मानते. त्यामुळे ‘पैसे दिले म्हणजे सगळे आमचे’ हे फोनवरचे बोलणे हस्तांतरण ठरत नाही. एक अपवाद मात्र चित्रकारांनी नीट लक्षात ठेवावा. मोबदला देऊन सांगून करून घेतलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र यांच्या बाबतीत वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजेच कॅनव्हासवर रंगवलेल्या मुखपृष्ठासाठी काहीच लिहून न घेणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. संगणकावर रंगवलेल्या चित्राबाबत तर ते ‘रंगचित्र’ ठरते का, यावरूनही वाद होऊ शकतो.

मुखपृष्ठासाठी परवानगीचाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तक वर्षानुवर्षे चालते, त्याची ई-आवृत्ती निघते, भाषांतर होते, आणि प्रत्येक वेळी चित्राचा नवा वापर होतो. मराठी पुस्तकात आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि किंमत यांच्यासोबत ‘मुखपृष्ठ’ अशी एक ओळ छापण्याची चांगली प्रथा आहे. मात्र पुनर्मुद्रणात मांडणी नव्याने होताना हीच ओळ सहज गळू शकते, आणि ऑनलाइन दुकानात केवळ पुढचे चित्र दिसत असल्याने तिचा तेथे उपयोगही होत नाही. म्हणून करारात ‘प्रत्येक आवृत्तीत, पुनर्मुद्रणात, ई-पुस्तकात आणि मुखपृष्ठ वापरलेल्या जाहिरातीत चित्रकाराचे नाव याच स्वरूपात द्यावे’ असे स्पष्ट लिहावे आणि नावाचे नेमके लेखनही द्यावे. चित्रावर सही ठेवणार असाल तर ती कापू नये, हेही नमूद करावे. दीनानाथ दलालांची सही मुखपृष्ठावरच असल्यामुळे वाचक त्यांचे काम दुकानातच ओळखत असत.

बोधचिन्हाचे गणित उलटे आहे. कंपनीला ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचे असते, पुढे बदलायचे असते, आणि प्रत्येक वेळी तुमची परवानगी घेणे तिला शक्य नसते. शिवाय दुकानाच्या पाटीवर किंवा खोक्यावर कलाकाराचे नाव येण्याची अपेक्षा व्यवहार्य नाही. येथे हक्क पूर्ण द्यावेत, त्याचे मानधन त्या मानाने घ्यावे, आणि मोबदल्यात दोन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या पोर्टफोलिओत काम नावासह दाखवण्याची मुभा, आणि कंपनीने बोधचिन्हाविषयी बातमी किंवा पुरस्कारासाठी प्रवेशिका दिली तर त्यात श्रेय. गोपनीयतेचे कलम असेल तर ही मुभा केव्हापासून, तेही ठरवून घ्यावे.

पगारी नोकरीत, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट नोकरी देणाऱ्याचाच असतो, म्हणून पोर्टफोलिओचा विषय रुजू होण्यापूर्वीच काढावा.

कोणताही मार्ग निवडला तरी ‘पूर्ण मानधन जमा झाल्यानंतरच हक्क किंवा परवानगी लागू होईल’ हे वाक्य करारात असावे, आणि ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) त्याआधी पाठवू नये.