मायामी ते एक्झुमा: ट्रॉलर की वेगवान बोट?

फ्लोरिडातून बहामाच्या एक्झुमा बेटांकडे निघताना पहिला टप्पा बिमिनी बेटाचा, सुमारे ५० सागरी मैल. मध्ये गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह उत्तरेकडे साधारण अडीच-तीन नॉटने (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) वाहतो.

दोन आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनांची ३० फुटी बोट २२ नॉटने हे अंतर अडीच तासांच्या आत कापते. डिझेल ट्रॉलरला (सफरीच्या संथ, जड बोटीला) ७ नॉटने सात तास लागतात, आणि तेवढ्यात प्रवाह त्याला १५-२० मैल उत्तरेला ढकलतो. म्हणून नाळ (बोटीचं पुढचं टोक) आधीपासूनच बरीच दक्षिणेकडे ठेवावी लागते. वारा उत्तरेचा असेल तर दोघांनीही बंदरातच थांबावं; प्रवाहाविरुद्धच्या वाऱ्याने लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. अशा वेळी वेगवान बोटीला वेग सोडावा लागतो, म्हणजे तिचा मुख्य फायदाच गेला.

खरा फरक इंधनात. वेगवान बोट मैलाला सुमारे चार लिटर पेट्रोल पिते, ट्रॉलर दीड लिटर डिझेल. बहामाची राजधानी नासाऊच्या पुढे इंधनाचे पंप विरळ, दरही चढे. टाकीचा एक तृतीयांश भाग राखीव ठेवायचा, तर वेगवान बोटीचा पल्ला फारच आखडतो.

डिझेलचं दुखणं वेगळं: हेलकाव्यांनी टाकीतला गाळ ढवळून फिल्टर तुंबतो. सुटे फिल्टर आणि इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचा सुटा इम्पेलर (आतलं फिरतं पात्यांचं चाक) जवळ हवाच.

उथळ वाळूपट्ट्यांवर मात्र आउटबोर्ड उचलता येतं, ही मोठी सोय. तरी दोन आठवड्यांहून लांब सफरीला ट्रॉलरच. चार दिवसांची सुट्टी असेल तर वेगवान बोट.