ओटीपी आपल्याच मोबाइलवर: आमच्या तालुक्यातील एका ई-सेवा केंद्राविषयी

या वर्षी आमच्या मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेशअर्ज आणि शुल्कमाफीचा अर्ज आम्ही एसटी स्थानकासमोरच्या एका लहानशा महा ई-सेवा केंद्रातून भरला. केंद्र चालवणाऱ्या ताईंचे नाव येथे देत नाही, परंतु त्यांची कामाची पद्धत इतर पालकांना कळावी असे मनापासून वाटते.

थोरल्या मुलाच्या वेळी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आम्ही दुसरीकडे भरला होता. तेथील माणसाने घाईघाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला आणि पासवर्डही स्वतःच ठरवला. पुढील वर्षी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा ते दुकान बंद झालेले होते, ओटीपी कोठे जातो हे आम्हाला उमगेना, आणि ते खाते परत मिळवेपर्यंत अर्जाची मुदत उलटून गेली. त्यामुळे "नंबर मुलीचाच द्या, पासवर्डही तिलाच टाकू द्या, मी तोवर पलीकडे बघते," असे ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तेव्हा आमची निम्मी काळजी तेथेच मिटली.

कागदपत्रांची यादी त्यांनी मे महिन्यातच लिहून दिली होती: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमिलेयर आणि जात वैधता. यांपैकी जात वैधतेला पडताळणी समितीकडे सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून तो अर्ज मुलगी अकरावीत असतानाच त्यांनी आमच्याकडून करून घेतला होता. बँकेत आधार कार्डाची प्रत दिलेली असणे वेगळे आणि शासनाची रक्कम जमा होण्यासाठी ते खाते एनपीसीआयकडे (बँकांमधील देयक व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) आधारशी जोडलेले असणे वेगळे, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच समजले.

कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचा विकल्प अर्ज (महाविद्यालयांची पसंतीक्रमाने यादी) भरताना त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला. मागील वर्षीचे कटऑफ पाहून, जेथे नंबर लागेलसे वाटते ते महाविद्यालय वर टाकावे, असा माझा आग्रह होता. त्यांनी शांतपणे समजावले की जागा गुणवत्ताक्रमाने आणि आपल्या पसंतीक्रमाने मिळते, अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम होते आणि पुढील फेऱ्यांत बदल मागता येत नाही. यादी अखेर मुलीने स्वतः लावली. शहरातील एका समुपदेशन संस्थेने याच कामाचे पंधरा हजार रुपये सांगितले होते. ताईंनी साडेतीनशे रुपये घेतले आणि त्याची पावतीही दिली.

शुल्काच्या बाबतीत त्यांची मदत अधिक मोलाची ठरली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. तरीही महाविद्यालयाच्या खिडकीवर आमच्याकडे संपूर्ण शुल्क मागितले गेले. ताईंनी शासन निर्णयाची प्रत आधीच फाइलमध्ये लावून दिली होती. ती दाखवल्यावर केवळ विकास शुल्क व इतर किरकोळ रक्कम भरून प्रवेश निश्चित झाला.

उणीव सांगायची तर शैक्षणिक कर्जाची माहिती येथे फारशी मिळत नाही. वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च शुल्कमाफीत येत नसल्याने आम्हाला तीन लाखांचे कर्ज हवे होते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नसताना एका बँकेच्या शाखेने आमच्याकडे शेतीचा सातबारा मागितला. शेवटी शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला. अर्जाचा क्रमांक हाती आल्यावर दुसऱ्या बँकेने तारणाशिवाय कर्ज मंजूर केले. हा टप्पा आम्हालाच शोधून काढावा लागला. ताईंनी कर्जाचीही अशीच एक यादी करून ठेवावी, अशी विनंती मी त्यांना केली आहे.

केंद्रात बसायला जागा अगदी अपुरी आहे आणि जून-जुलैत दुपारी सर्व्हर इतका संथ होतो की एका अर्जाला दोन तास लागतात. शक्यतो सकाळी केंद्र उघडतानाच जावे, मूळ कागदपत्रे आणि आधारशी जोडलेला मोबाइल बरोबर ठेवावा, आणि ज्याचा अर्ज आहे त्या मुलाला किंवा मुलीला अवश्य सोबत न्यावे, कारण तिच्याशिवाय ताई अर्ज भरायला घेत नाहीत.