येल-ब्राऊन प्रश्नावली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गॅसचं रेग्युलेटर एका सेकंदात बंद व्हायचं. ते बंद आहे हे मला पटायला पाऊण तास लागायचा. मंत्रचळ (ओसीडी), म्हणजे नको असताना येत राहणारे विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या त्याच कृती, हा शब्द आजीच्या तोंडी ऐकलेला. तो आपल्यालाच लागू आहे हे पुण्यात सायकॉलॉजिस्ट मॅडमसमोर बसल्यावर कळलं. मंत्रचळ किती तीव्र आहे हे मोजणारी ही प्रश्नावली त्यांनी घेतली.

१९८९ची आहे. विचारांवर ५ प्रश्न, कृतींवर ५, प्रत्येकी ० ते ४, बेरीज ४० पैकी. माझे २६ आले, म्हणजे ‘तीव्र’. आवडलं ते हे, की ‘त्रास होतो का’ असं मोघम न विचारता ती तास विचारते. दिवसाचे सव्वाचार तास जात होते, हे मी आधी कधी मोजलंच नव्हतं.

खटकलेलंही सांगते. विचारांना जास्त विरोध केला तर गुण कमी, म्हणजे चांगलं. उपचारात मात्र ‘येऊ दे, भांडू नकोस’ असं शिकवतात. २०१०च्या सुधारित आवृत्तीत तो प्रश्न काढलाय, बरं केलं.

आणि माझा खरा आजार, संशय, तो या दहांच्या पुढच्या जादा प्रश्नांपैकी १६व्या प्रश्नात. बेरजेत धरतच नाहीत! काम नीट केलं का, मुळात केलं का, अशी शंका येते का? स्वतःच्या डोळ्यांवर, हातांवर विश्वास बसत नाही का? हा ऐकून मी गप्पच झाले. बटण ‘बंद’वर दिसतंय, बोटाला तसंच लागतंय, तरी फोटो काढायचा, मग जिन्यात वाटायचं, हा कालचा तर नाही?

मॅडमनी २००३चा एक डच प्रयोग सांगितला. धडधाकट माणसांना संगणकावरची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. आठवण बरोबरच राहिली, पण तिच्यावरचा भरवसा उडाला. त्या दिवशी मोबाईलमधले रेग्युलेटरचे तीनशेच्या वर फोटो पुसले.

एक सूचना : ही घरी भरू नका. मी एका रात्रीत चार वेळा भरली. २४, २७, २३, २६. वर मॅडमना मेसेज, ‘मी मघाशी २ म्हणाले की ३?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. राग आला होता. उत्तर न देणं हेही उपचारातच होतं म्हणे.

आता बेरीज १३, म्हणजे ‘सौम्य’. १६वा मात्र ३वरून जेमतेम २वर आलाय. परवा स्वारगेटला बसमध्ये बसल्यावर शंका आली. उतरले नाही. कात्रजपर्यंत पोटात गोळा होता. त्याचे किती गुण, ते मॅडम बघतील.