दिवस भरलेत, कळा नाहीत: ॲक्युपंक्चर, स्वीपिंग, जेल की थोडी वाट?

चाळीस आठवडे उलटले की घरातल्या सगळ्यांचा धीर सुटू लागतो. आई म्हणते पहिलटकरणीला उशीर होतोच. सासरहून दिवसाला दोन फोन येतात. डॉक्टर म्हणतात अमुक तारखेपर्यंत बघू, नाहीतर ॲडमिट करून कळा आणू. अशातच कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं असतं की हातापायाला बारीक सुया टोचल्या की कळा आपोआप सुरू होतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या ज्या मुली आत्ता या टप्प्यावर आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आयांसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलू नका. कळा आपसूक याव्यात एवढीच इच्छा असेल, तर सुयांपेक्षा स्वीपिंगला, म्हणजे डॉक्टरांनी बोटानं पाणमोटीचा पडदा सैल करण्याला, जास्त आधार आहे. आणि तुमचं गाव दवाखान्यापासून किती लांब आहे, यावर निम्मा निर्णय ठरतो.

आधी तारीख पक्की करा

यावर जरा जास्त लिहिते, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. फाइलमध्ये चार सोनोग्राफीचे रिपोर्ट असतात आणि चारही रिपोर्टांवर बाळंतपणाची तारीख वेगळी असते. घरातले लोक सगळ्यात शेवटच्या रिपोर्टवरची तारीख धरून बसतात, कारण तो 'ताजा' असतो. खरं तर उलट आहे. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात विश्वासाची, तिच्यात पाच-सात दिवसांचाच फरक पडू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या आकारावरून वय काढतात, आणि तोवर कुणाचं बाळ मोठं, कुणाचं लहान झालेलं असतं. तिथे फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा जुना हिशेब. तो दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते, तिची तारीख त्या हिशेबानं आठवडाभर आधी लागते. मग तारीख उलटली म्हणून घाबरगुंडी उडते आणि प्रत्यक्षात बाळाचे चाळीस आठवडे अजून व्हायचे असतात. म्हणून पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट, दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा आणि 'यातली कुठली तारीख आपण धरली आहे?' असं सरळ विचारा. तायी कार्डावरचा, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी कार्डावरचा, मजकूर कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून किंवा नर्सकडून वाचून घ्या आणि ठरलेली तारीख मराठीत शेजारी लिहून ठेवा.

ठरल्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच असतात. ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंत पूर्ण दिवसांचं बाळ समजतात. ४१ पूर्ण झाले की उशीर, आणि ४२ नंतर दिवस खरोखर वर गेलेले.

ॲक्युपंक्चर: काय करतात, काय मिळतं

केसासारख्या बारीक सुया ठरावीक बिंदूंवर टोचून वीस-तीस मिनिटं ठेवतात. कळांसाठी नेहमी घेतले जाणारे बिंदू म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर नडगीच्या हाडामागची जागा, आणि माकडहाडाच्या वरचे कमरेतले बिंदू. काही ठिकाणी सुयांना अगदी सौम्य विजेचा प्रवाह जोडतात. दुखणं फार नसतं. मुंग्या आल्यासारखं किंवा जड झाल्यासारखं वाटतं.

आता पुराव्याकडे येऊ. २०१७ साली २२ चाचण्यांचा, ३,४५६ बायकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ॲक्युपंक्चरनं किंवा नुसत्या दाबानं सिझरचं प्रमाण कमी होतं, असं त्यात स्पष्ट दिसलं नाही. सुयांनी गर्भपिशवीचं तोंड थोडं मऊ होत असावं, एवढी खूण मिळाली. त्याआधी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ३६४ बायकांवर चाचणी झाली होती. दिवस वर गेलेल्या या बायकांना ॲडमिट होण्याआधी दोन दिवसांत दोन वेळा सुया टोचल्या. काहींना खऱ्या बिंदूंवर, काहींना दिखाव्यापुरत्या. पुढे कळा आणण्यासाठी औषध लागण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

मग 'सुया टोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी कळा आल्या' हे खोटं का? ती बाई खरंच सांगत असते. पण ४० ते ४१ आठवड्यांत बहुतेकींना कळा येणारच असतात, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. त्या आठवड्यात जे केलं त्याला श्रेय मिळतं. म्हणूनच खऱ्या आणि दिखाऊ सुयांची तुलना करावी लागते, आणि त्या तुलनेत सुया फार पुढे जात नाहीत.

तरीही मी ॲक्युपंक्चरला सरसकट नाही म्हणत नाही. अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देऊन विचारपूस करणं, कंबरेचा ताण हलका होणं, या गोष्टी नवव्या महिन्यात मोलाच्या आहेत. खिशाला परवडत असेल आणि मन मानत असेल तर करा. मात्र काही गोष्टी पाहून घ्या. ३७ आठवड्यांच्या आत कळांच्या बिंदूंना हात लावू देऊ नका. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं चालू असतील, किंवा आधीचं सिझर असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. सुया तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या हव्यात. खांद्यावरचा बिंदू फुफ्फुसाच्या अगदी वर येतो. तिथे खोल सुई गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं, म्हणून तिथे नुसता दाब पुरे. आणि उताणं झोपवून अर्धा तास ठेवत असतील तर कूस बदलून मागा. मोठ्या पोटाखाली शीर दाबली जाऊन चक्कर येते.

टोचणारी व्यक्ती कोण, हे तर विचाराच. भारत सरकारनं २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे निपाणीहून कोल्हापूरला जाणार असाल तर नोंदणी क्रमांक मागता येतो. कर्नाटकात निसर्गोपचाराच्या साडेपाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात ॲक्युपंक्चर शिकवतात. अशी पदवी असलेला माणूस आणि आठवड्याच्या शिबिरात शिकून पाटी लावलेला माणूस, यात फार फरक आहे.

स्वीपिंग: कमी बोललं जाणारा उपाय

बायका याला 'आतून तपासलं' एवढंच म्हणतात. डॉक्टर हातमोजा घालून बोट पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात आणि पाणमोटीचा पडदा पिशवीच्या भिंतीपासून गोल फिरवून सैल करतात. मिनिटभराचं काम. त्यानं शरीरातली कळांची स्वतःची रसायनं सुटायला मदत होते. दुखतं, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर एखाद-दोन दिवस थोडा लालसर डाग आणि रात्री येऊन-जाऊन दुखणं चालतं. तोंड अजिबात उघडलं नसेल तर करताच येत नाही.

२०२० सालच्या आढाव्यात ४४ अभ्यास आणि ६,९४० बायका होत्या. स्वीपिंग न केलेल्यांत शंभरापैकी साठेक जणींना कळा आपसूक आल्या, केलेल्यांत बहात्तरेक जणींना. पुरावा पहिल्या प्रतीचा नाही, पण सुयांच्या पुराव्याहून बरा आहे. वेगळा खर्च जवळपास नाही, नेहमीच्या तपासणीतच होतं.

एकच आग्रह धरते. हे तुम्हाला सांगून, तुम्ही हो म्हटल्यावरच व्हायला हवं. टेबलावर झोपल्यावर कळतं की तपासणी नेहमीपेक्षा जोरात झाली, अशी वेळ कुणावर येऊ नये. ३९व्या आठवड्यातच विचारून ठेवा: 'स्वीपिंग करणार असाल तर आधी सांगाल ना?'

औषधानं कळा आणणं

दवाखान्यात ॲडमिट करून पिशवीचं तोंड मऊ करणारं जेल लावतात, मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात किंवा पिशवीच्या तोंडात फुगा ठेवतात. तोंड मऊ झालं की पाणमोट फोडतात आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन चालू करतात. पहिलटकरणीला दीड-दोन दिवसही लागतात, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या सकाळी नातेवाइकांचा संयम संपतो.

नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर गोळी आणि फुगा यांची तुलना झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ तासांत नैसर्गिक प्रसूती गोळीच्या गटात ५७ टक्के, फुग्याच्या गटात ४७ टक्के. आपल्यासारख्याच गर्दीच्या वॉर्डांतला हा आकडा आहे, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

'औषधानं कळा आणल्या की सिझर ठरलेलं' ही भीती घरोघरी आहे. अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर झालेल्या, २०१८ मध्ये आलेल्या चाचणीत ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांचं सिझर १८.६ टक्के आणि वाट पाहिलेल्यांचं २२.२ टक्के होतं. तिथला वॉर्ड आणि आपला वॉर्ड एक नाही. पण कळा आणल्या म्हणूनच सिझर झालं, असं म्हणता येत नाही. दवाखाना कुठला निवडला याचाही फरक पडतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात खासगी रुग्णालयांतलं सिझरचं प्रमाण ४७.४ टक्के, सरकारीतलं १४.३ टक्के होतं. सिझर टाळायची एवढी काळजी असेल, तर ॲक्युपंक्चरच्या चौकशीआधी आपल्या डॉक्टरांकडे पहिलटकरणींची किती सिझर होतात, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

मिसोप्रोस्टॉलबद्दल दोन शब्द. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांवर याच गोळीची चाचणी झाली होती, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, आणि जगभर तिची दखल घेतली गेली. तिथे मात्रा होती ६०० मायक्रोग्रॅम, बाळ बाहेर आल्यावर. कळा आणायला लागतात २५ मायक्रोग्रॅम, बाळ पोटात असताना. मेडिकलमधून गोळी आणून घरी घेतली तर पिशवी इतकी आवळते की बाळाचा श्वास कोंडतो, पिशवी फाटूही शकते. आधीचं सिझर असेल तर ही गोळी दवाखान्यातही देत नाहीत.

वाट पाहणं

४१ आठवड्यांपर्यंत, सगळं ठीक असेल तर, वाट पाहणं हा चांगला निर्णय आहे. ४१ पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वीडनमध्ये २,७६० बायकांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण ४२ पर्यंत थांबलेल्यांच्या गटात सहा बाळं दगावली आणि ४१ ला कळा आणलेल्यांच्या गटात एकही नाही. साधारण १,३८० जणींमागे सहा. धोका लहान आहे, पण ज्या घरात घडतं तिथे तो लहान राहत नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके पाहण्याची एनएसटी तपासणी आणि पाणमोटीतल्या पाण्याचं प्रमाण, हे दोन्ही तपासत राहिलं तरच वाट पाहण्याला अर्थ.

आणि इथे गाव आडवं येतं. बेळगाव शहरात टिळकवाडीत राहणारीला रात्री दोन वाजता कळा आल्या तरी रिक्षानं दवाखाना गाठता येतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-आमगाव पट्ट्यात जुलै महिन्यात ओढ्याला पाणी चढलं की गाडी गावापर्यंत येत नाही. तिथल्या मुलीनं ४० आठवड्यांनंतर घरी बसून वाट पाहू नये. खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे येऊन राहावं. निपाणीकरांना कोल्हापूर, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज-सांगली जवळ पडतं. पण राज्य बदलतं तेव्हा कागद सोबत जात नाहीत, ते तुम्हाला न्यावे लागतात. तायी कार्ड, सगळे रिपोर्ट, रक्तगट एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

घरचे उपाय

एरंडेल नको. जुलाब, उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांत बाई गळून जाते. खजूर शेवटच्या महिन्यात रोज सहा खाण्याचा एक छोटा अभ्यास जॉर्डनमध्ये झाला होता, निकाल बरे होते. साखर वाढलेली नसेल तर खुशाल खा. चालण्यानं कळा येतील याची खात्री नाही, पण झोप चांगली लागते.

कुणी काय करावं

पहिलटकरीण, ४० आठवडे, सगळं नॉर्मल, घर दवाखान्याजवळ: थांबा, स्वीपिंगबद्दल विचारा, हवं तर सुया टोचून घ्या. त्याच परिस्थितीत घर लांब असेल तर आधी जागा बदला, मग बाकीचं. ४१ पूर्ण झाले असतील तर ॲक्युपंक्चरच्या पुढच्या बैठकीची वेळ घेऊ नका, ॲडमिट व्हा. रक्तदाब, साखर, बाळाची वाढ कमी, पाणी कमी, यांतलं काही असेल तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे तारीख डॉक्टर ठरवतील. आधीचं सिझर असेल तर वाट किती पाहायची आणि कळा आणायच्या की नाही, हे ३६व्या आठवड्यातच बोलून घ्या.

यांतलं काहीही निवडलं तरी रोज एकदा जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. कमी वाटल्या, पाणी गेलं, लाल रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, गावाचं आणि जवळच्या मोठ्या रस्त्याचं नाव नीट सांगा.