जिप्सीचे अ‍ॅक्सल घरी बदला, पण बेअरिंग दाबायला कुर्ल्याला जा

आमच्या मारुती जिप्सीच्या मागच्या एका अ‍ॅक्सलचे (चाक फिरवणारा दांडा, म्हणजेच शाफ्ट) स्प्लाइन, म्हणजे टोकाचे दाते, पिळले गेले होते. दाते सरळ न राहता टोकाला तिरके झालेले डोळ्यांना दिसत होते. असा अ‍ॅक्सल कर्जतच्या पुढे एखाद्या चढावर तुटणारच. खोलणं आणि बसवणं मुलुंडला सोसायटीच्या आवारात मी आणि धाकट्या भावाने केलं. गाडी उचलून धरायला घोड्या, पुढच्या चाकांना ठोकळे आणि अ‍ॅक्सल ओढून काढायला स्लाइड हॅमर असला की ते जमतं. जमत नाही ते अ‍ॅक्सलवर बेअरिंग दाबून बसवणं.

त्यासाठी कुर्ला पश्चिमेच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्ट्सच्या दुकानांच्या रांगेत एक वर्कशॉप आहे. पाटी नाही, पण हायड्रॉलिक प्रेस रस्त्यावरूनच दिसतो. आत गेल्यावर तिथल्या कारागीर चाचांचा पहिला प्रश्न, "बॅकप्लेट लाये हो, बेटा?" इथेच माझा विश्वास बसला. जिप्सीत ब्रेकची बॅकप्लेट (ब्रेकचे भाग जिच्यावर बसतात ती पत्र्याची तबकडी) आधी अ‍ॅक्सलवर चढते, मग बेअरिंग, मग बेअरिंगला जागेवर धरणारी रिटेनर रिंग. क्रम चुकला तर नवी रिंग कापून फेकावी लागते. चाचांनी आमची जुनी रिंग ग्राइंडरने पातळ केली आणि छिन्नीच्या एका घावात फोडली. शाफ्टवर ओरखडासुद्धा नाही. नवीन रिंग प्रेसखाली सावकाश, शेवटपर्यंत बसवली. हातोड्याला हात लावला नाही.

याला मी एवढं महत्त्व देते, कारण जिप्सीचा मागचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे चाक थेट शाफ्टच्या टोकाच्या चकतीवर (फ्लँज), गाडीचं वजनही शाफ्टवर. ती रिंग सरकली तर चालत्या गाडीतून अ‍ॅक्सल, ड्रम आणि चाक सगळंच बाहेर येतं. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने "ठोकून देतो ताई" म्हटलं होतं. मी तिथून सरळ निघाले.

नवे शाफ्ट चाचांनी शेजारच्या दुकानातून मागवले आणि जुन्यांशेजारी ठेवून दाते मोजले, लांबी जुळवली. डिफरन्शिअल (दोन्ही शाफ्टना फिरवणारा गिअरचा गोळा) मधोमध नसल्यामुळे डावा-उजवा सारखा नसतो, म्हणून जुने दोन्ही घेऊनच जा. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे असं पारखून देणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मिळत नाही. अ‍ॅक्सलचं ऑइल बाहेर येऊ न देणारे ऑइल सील चाचा ठेवत नाहीत, ते आधीच ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या दुकानांतून आणा. बसवताना दाते सीलच्या ओठाला घासू देऊ नका, आणि हौसिंगचा (अ‍ॅक्सलभोवतीचं कवच) ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं छिद्र, साफ करा. तो तुंबला की दाबाने ऑइल नव्या सीलमधूनही ब्रेक शूवर येतं.

गाडी उभी करायला तिथे जागा नाही. दोन्ही अ‍ॅक्सल गोणपाटात गुंडाळून कुर्ला स्टेशनवरून रिक्षा करा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी वर्कशॉप बंद असतं.