बिलावर ‘ब्रँड न्यू’, आत दुसऱ्याचा व्हॉल्यूम ग्रुप: एआयएक्स सर्व्हरमधल्या बदली डिस्कचा काही महिन्यांचा अनुभव

डिस्क चालते आहे, म्हणून तीन तारे. चौथाही दिला असता, पण विकणाऱ्याने बिलावर ‘ब्रँड न्यू’ छापलंय आणि इतक्या मेलनंतरही ते बदललेलं नाही. डिस्क ३०० जीबी, १० हजार आरपीएम, अडीच इंची सास (सर्व्हरच्या डिस्कच्या जोडणीचा प्रकार). बाकीचं स्पेसिफिकेशन ज्याला लागतं त्याला ठाऊक असतं.

आमची फाउंड्री गोकुळ शिरगावला. ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं, खालचा सर्व्हर आयबीएमच्या पॉवर-७ चा, त्यावर आयबीएमचीच ऑपरेटिंग सिस्टीम एआयएक्स ७.१. पुढे ७.३ वर जायचं तर किमान पॉवर-८ लागतो, म्हणजे मशीनच बदलायचं. मालकांना हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “चालतंय नव्हं? मग?” तेव्हा सुटे भाग सेकंडहँड बाजारातूनच येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सेकंडहँड माल सेकंडहँड म्हणून आला पाहिजे, एवढंच.

एका सकाळी डिस्पॅचचं चलन निघेना. लॉगिन होत होतं, मशीन जिवंत होतं, पण डेटाच्या फाइलसिस्टीम गायब. ‘एररपीटी’ने एररची नोंद बघितली तर डिस्कच्या पर्मनंट एररची रांग आणि तिच्यावर ‘एलव्हीएम_एसए_कोरक्लोज’. म्हणजे कोरम (ग्रुप चालायला लागणारं बहुमत) गेला आणि डेटाव्हीजी हा आमच्या डेटाचा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एकत्र चालवलेल्या डिस्कचा गट, बंद झाला. चालू ग्रुपांच्या यादीत एकटा रूटव्हीजी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा ग्रुप, उरलेला. ग्रुप चालू करायचा साधा ‘व्हॅरीऑनव्हीजी’ मारला की एरर ०५१६-०५२: कोरमशिवाय ग्रुप चालू होणार नाही.

मालकांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. “दोन डिस्क घेतल्या त्या कशासाठी? एक गेली तर दुसरी चालावी म्हणून ना?”

दुसरी चालत होती हो. तिच्यावरची कॉपी धडधाकट होती. तरी ग्रुप बंद पडला, आणि का ते दोन डिस्कचा मिरर (तोच डेटा दोन्हींवर) चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. ग्रुपमध्ये कोणत्या डिस्क आणि कोणते लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कवर पाडलेले कप्पे) आहेत, हा तपशील प्रत्येक डिस्कवर व्हीजीडीए नावाच्या जागेत लिहिलेला असतो. तीन किंवा जास्त डिस्क असतील तर प्रत्येकीवर एक प्रत. दोनच असतील तर पहिलीवर दोन आणि दुसरीवर एक, एकूण तीन. ग्रुप चालू राहायला निम्म्याहून जास्त प्रती दिसायला हव्यात. दुसरी डिस्क मेली तर तीनपैकी दोन प्रती उरतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पहिली मेली तर उरते एक, आणि डेटा शाबूत असूनही दुकान बंद. आमची पहिली मेली.

यामागे वेडेपणा नाही. अर्ध्याहून कमी प्रतींच्या भरवशावर ग्रुप चालवला तर उद्या जुनीच प्रत खरी धरली जाऊ शकते, म्हणून ही खबरदारी. पण मिररसाठी ती उलटी पडते, आणि म्हणूनच ‘मिररव्हीजी’ने पूर्ण ग्रुप मिरर केला की तो कोरम आपणहून बंद करतो. आमच्याकडे ज्यांनी सर्व्हर बसवला त्यांनी रूटव्हीजी तसा केला आणि डेटाव्हीजीत एकेका लॉजिकल व्हॉल्यूमला ‘एमकेएलव्हीकॉपी’ने हाताने कॉपी जोडली. मिरर झाला, कोरम चालूच राहिला. ‘एलएसव्हीजी’ने दोन कॉपी दाखवल्यावर आणखी कोण कशाला बघतो.

तुमच्याकडे आत्ता बघून घ्या: ‘एलएसपीव्ही’ला डिस्कचं नाव द्या, ‘व्हीजी डिस्क्रिप्टर्स’ या ओळीत २ आहे की १ ते दिसेल. जिच्यावर २, ती तुमची नाजूक डिस्क. ‘सीएचव्हीजी’ला मोठा क्यू आणि एन देऊन कोरम बंद करता येतो. मात्र तेवढ्याने निश्चिंत होऊ नका. कोरम बंद असलेला ग्रुप चालू असताना एका डिस्कवर तग धरतो, पण मशीन रीबूट झालं की चढताना सगळ्या डिस्क हजर मागतो. एक गैरहजर असेल तर पुन्हा हाताने फोर्स, म्हणजे जबरदस्तीने चालू, करावा लागतो. गोकुळ शिरगावला वीज कधी जाईल आणि यूपीएस कधी मान टाकेल याचा नेम नाही, म्हणून हे ठळकपणे सांगतोय.

त्या दिवशी फोर्सनेच ग्रुप उचलला. मेलेली डिस्क ‘रिमूव्हड’ झाली, फाइलसिस्टीमचा लॉग रीप्ले झाला, चलनं निघू लागली. आता एकाच पायावर उभा असलेला सर्व्हर, आणि पुण्याहून डिस्क घेऊन येणारा इंजिनिअर.

इंजिनिअर तरुण होता, नम्र होता, आणि घाईत होता. मी चहा सांगायला बाहेर गेलो तेवढ्यात त्याने मेलेली डिस्क ‘आरएमडेव्ह’ने सिस्टीममधून काढून टाकली आणि खाचेतून ओढलीसुद्धा. ग्रुपमधून तिचं नाव न काढता. मग ०५१६-३०४: अमुक आयडीचं डिव्हाइस कॉन्फिगरेशनच्या नोंदीत सापडत नाही. क्रम साधा आहे: आधी अनमिरर, मग ‘रिड्यूसव्हीजी’ने ग्रुपमधून काढायची, मग ‘आरएमडेव्ह’, मग डायग या निदानाच्या प्रोग्रॅमच्या हॉट प्लग मेनूतून त्या खाचेचा दिवा लुकलुकवायचा आणि तीच डिस्क ओढायची. रूटव्हीजीची डिस्क असती तर बदलल्यावर बूटसाठी ‘बॉसबूट’ आणि ‘बूटलिस्ट’ही करावं लागलं असतं.

क्रम चुकला तरी घाबरायचं कारण नाही. डिस्कचं नाव गेलं असलं तरी १६ आकडी-अक्षरी पीव्हीआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) त्या एररमध्येच छापलेला असतो. कॉपी काढताना आणि रिड्यूस करताना नावाच्या जागी तो द्यायचा. फक्त ‘रिड्यूसव्हीजी’ला डी आणि एफ एकत्र देण्याचा मोह टाळा. त्या डिस्कवर ज्याची एकुलती कॉपी असेल, ते लॉजिकल व्हॉल्यूमही तो न विचारता उडवतो. इंजिनिअरची बोटं तिकडेच चालली होती. मी म्हटलं, “साहेब, हात कीबोर्डवरून काढा.” चहा आला, तो त्याने घेतला.

आता ती ‘ब्रँड न्यू’.

खाचेत घातली, नवं हार्डवेअर शोधणारं ‘सीएफजीएमजीआर’ चालवलं, डिस्क दिसली. कोऱ्या डिस्कपुढे ‘एलएसपीव्ही’ पीव्हीआयडीच्या जागी ‘नन’ दाखवतो. हिच्यापुढे आयडी होता. पुढे ग्रुपमध्ये घालायला ‘एक्स्टेंडव्हीजी’ केलं तर ०५१६-१३९८: ही डिस्क दुसऱ्या व्हॉल्यूम ग्रुपची दिसते, घालायचीच असेल तर फोर्स वापरा. इंजिनिअर म्हणाला, “सर, फॅक्टरी टेस्टिंगचं असेल.” डिस्कवरची ग्रुपची नोंद वाचणारा ‘एलक्वेरीव्हीजी’ तिच्यावर सोडला. लॉजिकल व्हॉल्यूमची नावं बाहेर आली: डेटाबेसची, आर्काइव्हची, बॅकअपची. शिवाय त्या ग्रुपमधल्या आणखी एका डिस्कचा आयडी, म्हणजे हिची जोडीदारीण. फॅक्टरीत टेस्टिंगसाठी कुणी आर्काइव्ह लॉग ठेवत असेल तर ती फॅक्टरी मला बघायची आहे.

तो ग्रुप इम्पोर्ट करून बघितला नाही. कुणाच्या तरी कंपनीचा माल होता तो, आणि त्या कंपनीला पत्ताही नसेल की आपली डिस्क न पुसता कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. डायगमध्ये डिस्क पुसायची सोय असते, वेळ खाते एवढंच. आमची मेलेली डिस्क विक्रेता ‘परत द्या, क्रेडिट देतो’ म्हणत होता. हा प्रकार बघितल्यावर ती मशीन शॉपच्या ड्रिलखाली गेली. क्रेडिट बुडलं.

मी स्क्रीनचे फोटो काढून मेल केला. उत्तर आलं: ‘डिस्क शंभर टक्के वर्किंग आहे.’ बरोबर आहे, मी वर्किंगबद्दल विचारलंच नव्हतं. दुसरा मेल, तिसरा मेल, फोन. शेवटी दुसरी डिस्क पाठवायचं कबूल झालं, कुरिअरचा खर्च आमचा. मालकांनी तो दिला, पण माझ्याकडे असं बघून की जणू मीच कुरिअर कंपनी चालवतो.

दुसरी डिस्क आली ती हार्डडिस्क म्हणून दिसेचना, पीडिस्क म्हणून आली. या मशीनमधल्या सास डिस्क रेड (कार्डाने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या) अ‍ॅरेसाठी ५२८ बाइट सेक्टरच्या असतात आणि साध्या वापरासाठी ५१२ च्या. ५२८ वाली एलव्हीएमला, म्हणजे हे व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या एआयएक्सच्या भागाला, दिसतच नाही. स्मिट या एआयएक्सच्या मेनूतल्या सास डिस्क अ‍ॅरे मॅनेजरमध्ये जाऊन तिचा अ‍ॅरे कँडिडेट काढून जेबीओडीला (साध्या, सुट्या डिस्कला) फॉर्मॅट केली. बराच वेळ गेला, पण झालं. तोवर ५१२ ची डिस्क मागवली असती तर बरं, हे ज्ञानही झालं. फॉर्मॅटनंतर ती लख्ख कोरी, पीव्हीआयडी ‘नन’. आधी ती कुठे होती याचा पुरावाच संपला. विक्रेता यावेळी हुशार निघाला की नशीबवान, देव जाणे. नवी डिस्कही ५२८ ची येऊ शकते, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही.

इथे माझं एक मत बदललं. सुरुवातीपासून मी म्हणत होतो की हा सॉफ्टवेअर मिरर म्हणजे डोकेदुखी, रेड कार्डाला काम द्यावं आणि झोपावं. पण पहिली डिस्क अ‍ॅरेत जाणार असती तर फॉर्मॅट होऊन निमूट आत गेली असती, आणि ‘ब्रँड न्यू’चं बिल मी सही करून अकाउंटला पाठवलं असतं. एलव्हीएमने तिला दारात अडवून तिची जुनी कागदपत्रं मागितली. १९९० मध्ये एआयएक्स ३ बरोबर आलेली ही व्यवस्था, पण चौकस अजून आहे. आता झोप कमी लागली तरी चालेल, मिररच ठेवणार.

शेवटचा अडथळा आमचाच होता. जुन्या डिस्क १४६ जीबीच्या, पार्टिशनचा आकार २५६ एमबी, म्हणजे एका डिस्कवर ५४६ पार्टिशन. तीनशेवालीवर ती होतात १,११७, आणि साध्या ग्रुपची मर्यादा एका डिस्कला १,०१६. ०५१६-११६२ ने तसं स्पष्ट सांगितलं आणि उपायही सांगितला. ‘सीएचव्हीजी’ला टी २ दिल्यावर मर्यादा २,०३२ झाली. बदल्यात ग्रुपमधल्या डिस्कची कमाल संख्या ३२ वरून १६ झाली. आमच्याकडे सोळा डिस्क कधी येणार नाहीत, आल्या तर मालक स्वतः मोजायला येतील.

मग मिरर, सिंक, स्टेल (अजून न जुळलेल्या) पार्टिशनचा आकडा शून्यावर येईपर्यंत बघत बसणं. शेवटी आठवणीने कोरम बंद.

तेव्हापासून ती गप चालते आहे. पावसाळ्यात यूपीएसने दोन्ही हात वर केले तेव्हाही मशीन रीबूट होऊन ग्रुप आपोआप चढला, कारण दोन्ही डिस्क हजर होत्या. आवाज जुनीपेक्षा थोडा जास्त, पण फाउंड्रीत आवाजाची तक्रार कोण करणार. तिची जोडीदारीण मात्र अधूनमधून ‘डिस्क_एरर४’ नोंदवते. तात्पुरतं आहे, पण खूण ओळखीची आहे, तेव्हा ती मरायच्या आत ‘रिप्लेसपीव्ही’ने तिचा माल नव्या डिस्कवर हलवायचा विचार आहे.

त्यासाठीच्या ऑर्डरमध्ये मी यावेळी स्पष्ट लिहिलं: रिफर्बिश्ड चालेल, ५१२ बाइट सेक्टरची हवी, आधी पुसलेली हवी, बिलावर रिफर्बिश्ड असंच लिहावं आणि दर त्याप्रमाणे लावावा. कोटेशन आलं. सगळ्या अटी मान्य, फक्त खाली एक टीप होती: ‘सर, रिफर्बिश्डचा रेट तोच आहे.’