मॅच खरी, स्टेडियम खरं, तिकीट खोटं

लंडनला जाऊन वेम्ब्लीवर फुटबॉलची मॅच बघायचा बेत असेल, तर तिकिटाचे पैसे कुणाला पाठवण्याआधी हे वाचा. आमचे 260 पाउंड गेले, तेव्हाच्या भावाने सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. रकमेपेक्षा जास्त संताप आहे तो ती कशी काढून घेतली याचा. ही पद्धत आजही चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मॅच होती इंग्लंड विरुद्ध ब्राझील, 23 मार्च 2024. मैत्रीपूर्ण लढत, म्हणजे ना कप ना गुण. पण माझा मावसभाऊ कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियम कसं भरतं आणि वर्ल्ड कप आला की गल्ल्या ब्राझील-अर्जेंटिनात कशा वाटल्या जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तो कामासाठी इंग्लंडला येणार होता आणि नेमक्या त्याच आठवड्यात ब्राझील वेम्ब्लीवर. "दादा, कायबी कर, पण तिकीट बघ," एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याचं येणं पक्कं होईपर्यंत अधिकृत विक्रीत शेजारशेजारच्या दोन जागा मिळेनात. तेवढ्यात मी राहतो त्या इंग्लंडमधल्या भारतीयांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: दोन तिकिटं आहेत, बायकोचं ऑपरेशन ठरलंय, जाता येत नाही, आपल्याच माणसाला द्यायची आहेत. मी फोन केला. स्वच्छ मराठी, सातारकडचा हेल. भाऊ कोल्हापूरचा आहे म्हटल्यावर त्याने आपणहून पेठेतल्या फुटबॉलचा विषय काढला. किंमत मूळ किमतीपेक्षा थोडीच जास्त सांगितली. "दादा, मला कमवायचं नाहीये, माझे पैसे सुटले म्हणजे झालं." अवाच्या सवा मागणाऱ्याचा संशय येतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मी तिकीट बघायला मागितलं. त्याने लगेच व्हिडिओ कॉल केला आणि दुसऱ्या मोबाइलवरचं तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. वरच्या टियरचा ब्लॉक, रांग, सीट, दोन्ही संघांची नावं, तारीख, सगळं बरोबर. ते तिकीट बहुधा अस्सलच होतं. या धंद्यात एक खरं तिकीट विकत घेतात आणि तेच वीस जणांना दाखवतात. त्यामुळे "मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं" याला इथे काही अर्थ उरत नाही.

पैसे पाठवायच्या वेळी त्याने जे केलं ते विशेष लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये नव्या खात्यात पैसे पाठवताना, तुम्ही टाकलेलं नाव खातेदाराच्या नावाशी जुळतं का ते बँकेचं अॅप तपासतं. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं: "खातं मेहुण्याचं आहे, अॅपमध्ये नाव जुळत नाही असं येईल, ते सगळ्यांनाच येतं." पैसे कशासाठी पाठवताय असं अॅप विचारेल, तेव्हा "मित्र किंवा नातेवाईक" निवडा, म्हणजे लवकर पोचतात, हेही त्यानेच सांगितलं. धोक्याची सूचना पडद्यावर यायच्या आधीच तिचं उत्तर तुमच्या कानात घालून ठेवायचं, ही यातली खरी कारागिरी. तिकीट असो, भाड्याची खोली असो की नोकरी, समोरचा माणूस तुमच्या बँकेच्या इशाऱ्याचं स्पष्टीकरण आगाऊ द्यायला लागला की फोन ठेवून द्या.

शुक्रवारी रात्री तिकिटं आली ती स्क्रीनशॉटच्या रूपात. अॅपमधून पाठवायला अडचण येतेय, पण गेटवर हा कोड चालतो, असा निरोप सोबत होता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही ज्युबिली लाइनने वेम्ब्ली पार्कला उतरलो. स्टेशनच्या पायऱ्यांवरून समोर स्टेडियमची कमान आणि तिथपर्यंत सरळ जाणाऱ्या ऑलिम्पिक वेवर माणसंच माणसं. भावाने पिवळी जर्सी घातली होती. गेटवर मी मोबाइल पुढे केला, यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा धरला, पुन्हा लाल. तिथल्या स्टुअर्ड बाईंनी मोबाइल हातात घेऊन बघितला आणि शांतपणे सांगितलं की या कोडवर माणूस केव्हाच आत गेलाय. आम्ही बाजूला झालो तर तिथे एक ब्राझीलचा तरुण उभा होता. त्याच्या मोबाइलवर तोच ब्लॉक, तीच रांग, तीच सीट. त्याला ते तिकीट एका पोर्तुगीज बोलणाऱ्याने विकलं होतं, "आपल्याच माणसाला द्यायचंय" म्हणून. म्हणजे ज्याला जी भाषा जवळची, त्याला त्या भाषेतला माणूस गाठून देतात. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की मन सैलावतं. त्या ओलाव्यावर धंदा करणाऱ्याला मी साधा चोर म्हणणार नाही, तो त्याहून वाईट.

80व्या मिनिटाला एन्ड्रिकने गोल केला. सतरा वर्षांच्या पोराचा ब्राझीलसाठीचा पहिला गोल, आणि त्यावर ब्राझील 1-0 ने जिंकलं. कोल्हापूरहून आलेल्या माझ्या भावाने तो पबमधल्या टीव्हीवर पाहिला.

आता पुढचं. त्या रात्रीच मी 159 वर फोन केला. इंग्लंडमध्ये हा नंबर लावला की बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडून मिळतं. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या तेव्हाच्या अॅक्शन फ्रॉड या केंद्रात तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. बँकेने आधी हात वर केले: आम्ही इशारा दिला होता, तुम्ही पुढे गेलात. लेखी तक्रार केल्यावर अर्धी रक्कम परत आली. 7 ऑक्टोबर 2024 पासून मात्र नियम बदललाय. ब्रिटनमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात असे फसवून पैसे पाठवायला लावले असतील, तर बँकांना ते परत करावे लागतात, कमाल मर्यादा 85,000 पाउंड. त्यातून 100 पाउंडांपर्यंत रक्कम बँक कापू शकते आणि दावा शेवटचे पैसे पाठवल्यापासून 13 महिन्यांच्या आत करावा लागतो. बँकेने नाकारलंच तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे विनामूल्य दाद मागता येते.

भारतातून येणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं: तुमच्या भारतातल्या खात्यातून परदेशी पाठवलेल्या किंवा यूपीआयने कुणा "मध्यस्थाला" दिलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. तसं झालं असेल तर लगेच, त्याच तासात, 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट आयोजकांच्या परवानगीशिवाय विकणं हा गुन्हा आहे. 1994 च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अॅक्टचं कलम 166 खास फुटबॉलसाठी आहे. त्यामुळे गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट आपण आधी दुसऱ्याकडून घेतलं होतं आणि ते चाललं होतं, हा अनुभव इथे कामाचा नाही. विकणारा प्रामाणिक असला तरी तिकीट रद्द होऊन तुम्ही गेटवर अडकू शकता. इंग्लंडच्या घरच्या सामन्यांची तिकिटं इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून, कार्डने पैसे भरूनच घ्या. तिकीट तुमच्या स्वतःच्या खात्यात दिसेपर्यंत ते तुमचं नाही. क्रेडिट कार्ड असेल तर उत्तम, ब्रिटनमधल्या कार्डाने 100 पाउंडांहून महाग वस्तू किंवा सेवा घेतली तर 1974 च्या ग्राहक पतकायद्यानुसार कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो.

"शिकलेसवरलेले असून कसे फसलात" असं म्हणणारे आमच्याही घरात निघाले. कृपा करून कुणालाही असं म्हणू नका. या एका वाक्याच्या भीतीने माणसं गप्प बसतात, तक्रार करत नाहीत, आणि तो विकणारा पुढच्या मॅचला पुढचं गिऱ्हाईक गाठतो. ग्रुपवर मी हे सगळं लिहिल्यावर आणखी तिघांनी मला खासगीत कळवलं की त्यांचेही पैसे त्याच खात्यात गेलेत. त्यांनी तोवर घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आम्ही चौघांनी मिळून ते खातं ज्या बँकेत होतं तिलाही लेखी कळवलं. तो नंबर आता बंद आहे. पण त्याच मजकुराचा, तेच ऑपरेशनचं कारण असलेला मेसेज दुसऱ्या नावाने दुसऱ्या एका ग्रुपवर फिरताना मी पाहिलाय. तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, मेसेजचा आणि खाते क्रमांकाचा फोटो काढून ठेवा आणि ग्रुपच्या अॅडमिनला त्याच क्षणी कळवा.